बाहेर पडलं ते कुठून

४ मार्च

चि. भिंगरीस आजीकडून आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

तुझं पत्र पोचलं. इतकंसं पत्र लिहितात का गं? निम्मा कागद कोरा, तो काय मी भरायचा? फोन कर म्हणतेस, पण फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू काय बोलतेस ते बाजूलाच राहतं. शिवाय फोन ठेवला की संपला. पत्र कसं, पुन्हा काढून वाचता येतं. चौथीत शाळा सुटली माझी, त्यामुळे वाचायला वेळ लागतो, पण तेवढाच जास्त वेळ तू जवळ बसल्यासारखी वाटतेस.

आता मुद्द्याचं. तू शेवटच्या वर्षाला काय बनवते आहेस ते मला नीट, माझ्या डोक्यात शिरेल असं लिही. समोरची शिंपीणबाई रोज विचारते. मी ऐटीत सांगितलं, माझी नात शोधायचं यंत्र बनवते. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. म्हणे, "आजी, माझी मोठी कात्री सापडत नाही, नातीला जरा विचारा ना." मी म्हटलं, "अगं, ती एवढ्या लांबून तुझी कात्री कशी शोधेल?" तर म्हणते, "मग कसलं मेलं शोधायचं यंत्र?" मला इतका राग आला, पण तोंडात उत्तर नव्हतं. तेव्हा उत्तर पाठव, चांगलं ठसक्यातलं पाठव.

तू जिन्याखाली ठेवून गेलीस ती पेटी मजेत आहे. बंद करायची नाही म्हणालीस, मी केलेली नाही. हिरवा दिवा लुकलुकत असतो. धूळ बसते म्हणून मी तिला क्रोशाचं झाकण विणलं आहे, दिव्यापुरतं भोक ठेवून. फार गोड दिसते. तुझा काका म्हणाला, आई, टोपडं घातलंस की काय तिला. घातलं, तुझं काय गेलं?

वरच्या खोलीत भाडेकरू आली आहे. नर्स आहे, मी तिला सिस्टरच म्हणते, ती मला आजी म्हणते. एकटीच असते. आधीच्या इस्पितळातून काढलं तिला, का ते मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण तिनं सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात मुलांच्या इस्पितळात लागणार आहे. आत्तापासून तिचे कपडे इस्त्री करून टांगलेले आहेत. परवा माझं बोट कापलं तर इतकी सुबक पट्टी बांधली, की बरं झाल्यावरही मी दोन दिवस सोडली नाही.

नीट खा. आणि कागद भरून लिही.

तुझी आजी

११ मार्च

प्रिय आजी,

हा घे भरलेला कागद. आधी एक काम कर, ते टोपडं काढ. पेटी तापते गं! काढून दुसऱ्या कशाला तरी घाल, काकाला घाल.

आता माझं काम. समज, तुला कुणाला तरी चिठ्ठी पाठवायची आहे, पण ती तू पाठवलीस हे कळू द्यायचं नाही. मग तू ती एकात एक अशा तीन पाकिटांत घालतेस आणि एका अनोळखी माणसाच्या हातात देतेस. तो वरचं पाकीट फाडतो, आत दुसऱ्या अनोळखी माणसाचा पत्ता निघतो, तो त्याला नेऊन देतो. तो तिसऱ्याला. तिसरा शेवटचं पाकीट उघडतो आणि चिठ्ठी टाकून येतो. पहिल्याला माहीत की चिठ्ठी तुझी, पण जाणार कुठे ते माहीत नाही. तिसऱ्याला माहीत की जाणार कुठे, पण कुणाची ते माहीत नाही. असं इंटरनेटवर एक निनावी जाळं आहे आणि जगभरातले लोक आपखुशीनं आपापली यंत्रं त्याला वापरायला देतात. जिन्याखालची पेटी तसलीच आहे, तिसरा हात. कोण वापरतं विचारशील, तर ज्यांना उघड बोललं तर मार बसेल असे खूप लोक. आणि आजी, काही हरामखोरसुद्धा. ते तुझ्यापासून लपवत नाही.

आता, त्या जाळ्यात कुठली यंत्रं चालू आहेत याची दर तासाला यादी निघते. वर्षानुवर्षांच्या याद्या जपून ठेवल्या आहेत, पण गोदामात गठ्ठे फेकल्यासारख्या. एक दिवस शोधायला अख्ख्या महिन्याचा गठ्ठा सोडावा लागतो. माझं साधन ते सोपं करतं. तू फक्त यंत्राचा पत्ता आणि तारीख द्यायची, ते सांगतं: होतं किंवा नव्हतं.

कशाला हवं? चिठ्ठी ज्याला मिळते त्याला फक्त शेवटचा हात दिसतो ना. चिठ्ठीत शिवी असली तर तो त्या हातालाच धरतो. मग तो बिचारा काय म्हणणार? "मी नाही लिहिली" असं तर सगळेच म्हणतात. माझं साधन असलं तर तो म्हणू शकेल, बघा, त्या दिवशी मी नुसता पोचवणारा होतो.

शिंपीणबाईंना सांग, त्यांची कात्री कुठे आहे याची दर तासाला कुणी यादी ठेवली असती, तर मी बसल्या जागी शोधून दिली असती.

तुझी
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

उशीर झाला. हात दुखत होता असं लिहिणार होते, पण तुला खोटं लिहायला गेले की अक्षर वाकडं येतं. तुझी परीक्षा जवळ आली, पोरीला ताप नको म्हणून तुझा काका म्हणाला काही कळवू नकोस. मी तीन वेळा कागद घेतला आणि तीन वेळा हवापाण्याचं लिहून फाडला. मला काही ते जमत नाही.

आपल्याकडे चौकशीवाले येऊन गेले. दोघे. एक जाड्या, एक चष्मेवाला. मला आधी वाटलं मीटरवाले, मी चहा टाकला. जाड्या म्हणाला, "आजी, या घरात कॉम्प्युटर कोण हाताळतं?" मी म्हटलं, "मी. रोज फडकं मारते." चष्मेवाल्यानं ते लिहून घेतलं गं! मग म्हणाले, वरच्या बाईंना बोलवा.

झालंय असं. सिस्टर आधी होती त्या इस्पितळाची इंटरनेटवर तक्रारपेटी आहे म्हणे. तिच्यात कुणीतरी धमकी टाकली, की तुमचं ऑपरेशन थिएटर पेटवून देऊ, आतल्या डॉक्टरांसकट. आणि ती धमकी निघाली सिस्टरच्या इंटरनेटच्या लाइनवरून. आपली जुनी लाइन फार रडतखडत चालते म्हणून तिनं आल्या आल्या स्वतःच्या नावावर वेगळी लाइन घेतली होती, ती. तिचं यंत्र पण आपल्याच जिन्याखाली आहे, भिंतीवर.

सिस्टर म्हणाली, "मी नाही लिहिलं." जाड्या म्हणाला, "मग तुमच्या लाइनवरून कुणी लिहिलं? आजींनी?" आणि दोघे हसले. मी म्हटलं, "हसू नका, मला लिहिता येतं." मग कुणीच हसलं नाही.

नर्सांची नोंदणी करणारी जी समिती असते ना, तिच्यापुढे एकोणतीस तारखेला तिची सुनावणी आहे. तोवर मुलांच्या इस्पितळानं नेमणूक थांबवली. समितीनं नाव कापलं तर तिला कुठेच, कधीच नर्स म्हणून उभं राहता येणार नाही. एवढं एकच काम येतं तिला, आणि काय येतं गं! तुझा काका म्हणतो, तिला खोली सोडायला सांग. मी म्हटलं, बघू. मी बघू म्हटलं की पुढे काय होतं ते तुला माहीत आहे.

आता आतलं सांगते. एक दिवस माझ्या पण मनात आलं, रागाच्या भरात लिहून बसली असेल तर? मनात ठेवून फिरण्यापेक्षा विचारून टाकलं. तिनं हातातली इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आजी, एकदा वापरलेल्या नळ्या धुऊन पुन्हा वापरतात, अशी तक्रार मी केली होती तिथे. लेखी. खाली सही करून. म्हणून तर काढलं मला. मी सही केल्याशिवाय काही लिहीत नाही." मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिच्यासाठी चहा ठेवला. तिनं घेतला नाही. मी विचारलं ते तिला लागलं असणार.

जाता जाता त्या जाड्यानं चहाचा कप तुझ्या पेटीवर ठेवला. मी ओरडलेच, "उचला तो! नातीची आहे ती!" गुपचूप उचलला आणि निघून गेले. टोपडं मी काढलंय बरं का.

तू परीक्षेत लक्ष घाल. मी फक्त कानावर घातलं.

तुझी आजी

८ एप्रिल

प्रिय आजी,

फक्त कानावर घातलंस! तुझं पत्र मी वर्गात उभ्याउभ्या वाचलं. आजी, तो माणूस ज्याच्यावर कप ठेवून गेला, तेच त्यानं बघायला हवं होतं.

मला वाटलं, आपल्याच पेटीतून कुणीतरी ती धमकी पाठवली. तिसरा हात, आठवतंय ना? मी काकाला फोन करून सिस्टरला आलेल्या नोटिशीत लिहिलेला लाइनीचा पत्ता मागवला, म्हणजे घराचा नव्हे, प्रत्येक इंटरनेट लाइनीला एक आकड्यांचा पत्ता असतो तो. कशाला हवाय विचारलं त्यानं. अभ्यासाला म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. मग माझ्याच साधनात घातला.

आपल्या जुन्या लाइनीचा पत्ता घातला, तर उत्तर आलं: होतं. अख्खा महिना होतं. सिस्टरच्या लाइनीचा घातला, तर आलं: नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, त्या महिन्यात नव्हतं, कधीच नव्हतं.

याचा अर्थ पेटी जुन्या लाइनवर चालू होती आणि सिस्टरच्या लाइनीशी तिचा संबंध नाही. म्हणजे धमकी पेटीतून गेली नाही. आणि हे उत्तर समितीच्या हातात पडलं तर तिचं आणखी वाईट होईल. ते म्हणतील, बघा, यंत्रसुद्धा सांगतंय की दुसरं कुणी नव्हतं.

मी माझ्या मॅडमना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील राहू दे, हे बाजूला ठेव. त्या म्हणाल्या, "तुझं साधन आपल्या माणसांसाठी वेगळं बोलायला लागलं तर ते कुणाच्याच कामाचं नाही. उत्तर चुकीचं वाटतंय तर चूक शोध, उत्तर लपवू नकोस." बरोबर आहे त्यांचं, म्हणून आता चूक शोधते आहे.

मला नीट सांग, पेटीला कुणी हात लावला होता का? हलवली का, पडली का, काही बदललं का? आणि हे पत्र सिस्टरला दाखवू नकोस. माझी खात्री होईपर्यंत नको.

भिंगरी

१३ एप्रिल

चि. भिंगरी,

आधी वाईट सांगते. पत्र मी सिस्टरला दाखवलं. दाखवलं म्हणजे, माझा चष्मा सापडत नव्हता म्हणून तिच्याकडूनच वाचून घेतलं. मला काय माहीत खाली काय लिहिलंयस! तिनं शेवटपर्यंत वाचलं, "दाखवू नकोस" हे पण वाचलं, कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि वर गेली. नंतर बघते तर बॅग भरत होती. म्हणाली, "आजी, ज्यांनी आधीच ठरवलंय त्यांच्यापुढे पुन्हा कशाला उभं राहायचं? सुनावणीला मी जात नाही. गावाकडे जाते, दुकानात बिकानात लागेन." मी म्हटलं, आणि नाव? म्हणाली, "कापू देत."

मी काय करणार? मी जिन्यावर बसले आणि म्हटलं, माझा गुडघा धरलाय, उठता येत नाही. बॅग तशीच टाकून धावत आली. आता रोज सकाळ-संध्याकाळ शेकते. राहिली आहे. गुडघा अगदी छान वाटतो, तसा आधीपण छानच होता.

आता तुझ्या पेटीचं. तिला कुणीही हात लावलेला नाही, शपथेवर सांगते. काकानं नाही, त्या दोघांनी नाही, कप सोडला तर. फक्त मी लावला. पुसायला. पडली नाही, हलवली नाही, जिथल्या तिथे आहे.

हां, एक केलं होतं. सिस्टरची लाइन लावायला माणूस आला होता, तो तिच्या यंत्राला एक जादा वायर लोंबती ठेवून गेला. ती सारखी झाडूत अडकायची. आणि तुझ्या पेटीला मागे दोन सारखी भोकं आहेत ना, एकात वायर आणि दुसरं रिकामं. मला ते बघवायचं नाही. एकाच कानात डूल घातल्यासारखं दिसायचं. मग मी ती लोंबती वायर त्या रिकाम्या भोकात घातली. टक् करून बसली बघ, तिथलीच असल्यासारखी. आणि लगेच मागे एक नारिंगी दिवा लागला! मला वाटलं, पेटी खूश झाली. तुला लिहिणारच होते, पण म्हटलं सुट्टीत येशील तेव्हा दाखवू, कौतुक करशील.

चुकलं का काही? चुकलं असेल तर लगेच काढते. सिस्टरला मी हे सांगितलं नाही, तिचं डोकं आधीच भणभणलंय.

लवकर लिही गं. एकोणतीस जवळ आली, आणि गुडघा मी किती दिवस दुखवू?

तुझी आजी

१८ एप्रिल

आजी,

बसली आहेस ना? बस. आणि तुझ्याकडे चष्मा असेल तरी हे पत्र सिस्टरला बोलावून तिच्याकडूनच वाचून घे.

ती पेटी आधी माझ्या वसतिगृहाच्या खोलीत होती, तिथे दोन लाइनी होत्या. तेव्हा मी ती अशी लावली होती की आत यायचं एका वायरनं, आणि दुसरी वायर मिळाली तर बाहेर पडायचं तिच्यानं. घरी एकच लाइन, म्हणून दुसरं भोक रिकामं राहिलं आणि मी ते साफ विसरले. तू वायर लावलीस आणि पेटीनं सांगितल्याप्रमाणे केलं. चिठ्ठी आत यायची आपल्या लाइनवरून, बाहेर पडायची सिस्टरच्या.

मग माझं साधन "नव्हतं" का म्हणालं? कारण मी शोधत होते त्या याद्यांत यंत्र स्वतःचा पत्ता स्वतः सांगतं. पेटी सांगत होती, मी जुन्या लाइनवर राहते. खरंच होतं ते, ती आत तिथूनच घेत होती. पण संग्रहाचा अजून एक भाग आहे. काही लोक प्रत्येक यंत्रातून आपलीच एक चिठ्ठी पाठवून बघतात आणि ती बाहेर पडली कुठून ते टिपून ठेवतात. ते टिपण मी साधनात घेतलंच नव्हतं. त्याची मांडणी वेगळी, वाचायला किचकट, आणि मला वाटलं, यंत्र आपला पत्ता सांगतंय, मग बाहेर कशाला चौकशी करायची? आजी, तुझं पत्र आलं आणि मी तशीच पळत प्रयोगशाळेत गेले.

आता घेतलं. सिस्टरच्या लाइनीचा पत्ता पुन्हा घातला. उत्तर आलं: होतं! धमकीच्या आदल्या दिवशी होतं, त्या दिवशी होतं, नंतरही होतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतून लोक आले.

सिस्टर, हे तुमच्यासाठी. सोबतचे कागद समितीला द्या. पण "हिचं साधन सांगतंय म्हणून माना" असं म्हणू नका. मी घरमालकीणबाईंची नात, पेटी माझी, माझ्यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून मूळ टिपणं कुठे आहेत आणि ती आपली आपण कशी उघडून बघायची, ते पायरी-पायरीनं लिहिलं आहे. माझ्या मॅडमनी माझं साधन न वापरता हातानं तपासून सही केली आहे. अजून एक स्पष्ट लिहिते. यानं तुम्ही लिहिलं नाही हे सिद्ध होत नाही. तुमच्या लाइनवरून जगातला कुणीही लिहू शकत होता, एवढं सिद्ध होतं. पण तुमच्यावर बोट होतं ते केवळ त्या लाइनीमुळे.

चौकशीवाल्यांना मी वेगळं पत्र टाकलं आहे की पेटी माझी, मी ठेवली. माझ्यामुळे तुम्हाला हा त्रास झाला. क्षमा करा असं लिहिताना ते फार थोडं वाटतं. सुनावणीला जा. कृपा करून जा.

आजी, ती वायर आत्ता काढू नकोस, त्यांना जशीच्या तशी बघू दे. पेटी मी इथूनच बंद केली आहे. दिवा विझलेला दिसला तर घाबरू नकोस. आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही. तो दुसरा डूल मीच रिकामा ठेवला होता.

तुझी
भिंगरी

५ मे

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, पोटभर.

सुटली! सुटली गं! हे आधी लिहिते आणि मग बाकीचं.

तुझं पत्र तिनंच वाचलं, मला ऐकवलं. "सिस्टर, हे तुमच्यासाठी" इथपर्यंत मोठ्यानं. पुढचं मनात वाचलं. मग म्हणाली, "आजी, तुमचा गुडघा खरंच दुखतोय का?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "मला वाटलंच." आणि बॅगेतून इस्त्रीचे कपडे काढून पुन्हा टांगले. म्हणजे सुनावणीला जाणार.

सुनावणीला मी पण गेले, काका पण आला, "आईला एकटीला कशी सोडू" असं म्हणत, पण खरं त्याला बघायचं होतं. मोठी खोली, लांबलचक टेबल, पलीकडे पाच जणं आणि मध्ये अध्यक्षीणबाई, पांढरे केस, आवाज एकदम हेडमास्तरणीचा. तुझे कागद त्यांनी आधीच आपल्या कॉम्प्युटरवाल्याला दिले होते. तो उभा राहून म्हणाला, मी त्या मुलीचं साधन वापरलं नाही, मूळ टिपणं स्वतः उघडली, दिलंय ते बरोबर आहे. आणि तो चष्मेवाला पण होता. तो म्हणाला, आम्ही जाऊन पाहिलं, वायर लागलेली आहे, पण ही वायर लावली कुणी आणि कशासाठी हे कळायला हवं.

मग मला आत घेतलं! खुर्ची दिली, पाणी दिलं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "आजी, वायर तुम्ही लावलीत?"

"हो, मीच."

"कुणी सांगितलं होतं लावायला?"

"कुणी नाही."

"मग का लावलीत?"

मी म्हटलं, "शोभेसाठी."

टेबलापलीकडचे सगळे खाली बघायला लागले. अध्यक्षीणबाई पण. मी डुलाचं पण सांगितलं, कारण अर्धवट सांगितलं तर त्यांना वाटायचं काहीतरी लपवतेय. काकानं डोक्याला हात लावला.

मग त्या सिस्टरला म्हणाल्या, "या पेटीमुळे तुमचं नाव जायची वेळ आली होती. राग नाही येत?" मला वाटलं, आता ही तुला काहीतरी बोलणार, आणि मला ऐकून घ्यावं लागणार. ती उभी राहिली. म्हणाली, "येतो. आजी कशा माझ्या खोलीत विचारल्याशिवाय येतात, तशी ही पेटी पण माझ्या लाइनीत विचारल्याशिवाय आली. पण नळ्यांची तक्रार केली तेव्हा अशी वाट मला माहीत असती, तर मी ती सही न करता केली असती. आणि आज मी इथे नसते, वॉर्डात असते." अध्यक्षीणबाईंनी ते लिहून घेतलं, आणि विचारलं, त्या तक्रारीची प्रत आहे का तुमच्याकडे? तिनं दिली. खाली सही होतीच.

आम्हाला बाहेर बसवलं. मी एका जागी बसले नाही, त्या लोकांच्या कुंड्यांमधली वाळलेली पानं खुडून टाकली. बोलावलं तेव्हा एकच वाक्य वाचलं, की लाइनीवरून यांच्यावर ठपका ठेवता येत नाही, नोंदणी जशीच्या तशी राहील. सिस्टर रडली नाही, हसली नाही. एवढंच विचारलं, "मग मी सोमवारी कामाला जाऊ?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "जायलाच हवं." बाहेर आल्यावर काका माझ्याकडे तोंड न करता म्हणाला, "खोलीचं राहू दे आता." मी म्हटलं, कुठल्या खोलीचं?

चष्मेवाल्यानं सांगितलंय, पेटी चालवायची तर जिची आहे तिच्या नावाची लाइन हवी आणि वर तिचा नाव-पत्ता हवा. ते तू आलीस की तुझं तू बघ. वायर मी काढली. सिस्टरला विचारून काढली. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग, म्हणावं, पोरीला लपवू दिलं नाहीत ते फार बरं केलंत. आणि शिंपीणबाईला मी सगळी हकिगत सांगितली. आता ती गप्प आहे, पण कात्री अजून सापडलेली नाही.

आज सोमवार. सिस्टर पहाटेच गेली, दुपारी आली. दारात मी विचारलं, कसा गेला दिवस? म्हणाली, "एका पोरानं माझा हात सोडला नाही, आजी, इंजेक्शन झालं तरी सोडला नाही." मग सोफ्यावर बसून बूट काढायला लागली. एक काढला आणि दुसऱ्याला हात लावता लावता तशीच आडवी झाली. झोपली. महिनाभर तिच्या खोलीत पावलं ऐकू यायची गं, इकडून तिकडे, आणि आता बघ, तोंड उघडं टाकून. दारावर कुणीतरी आलं होतं, मी हातानंच घालवून दिलं. फोन वाजला, मी उशीखाली सरकवला.

मी समोर बसून लिहिते आहे. दुसरा बूट काढावा असं सारखं मनात येतंय, पण काढायला गेले तर जाग येईल. असू दे. उठल्यावर काढेल तिची ती.

तुझी आजी